घसरगाडी

"बूड घासत चालायला लागला तर हसू नका. उचला आणि इकडे घेऊन या."

गबरू कुत्र्याला लस टोचताना डॉक्टरबाई हे बोलल्या, तेव्हा ठकीच्या आईचं अर्धं लक्ष कडेवरच्या लेकीकडे होतं. ठकी टेबलावरचा कापूस तोंडात कोंबायच्या बेतात होती. बाई पुढेही काहीतरी सांगत होत्या, दोन पिशव्या असतात, त्या तुंबतात, अधूनमधून शेपटीखाली नजर टाकत जा, असलं काहीबाही. तिनं हो हो म्हटलं, ठकीच्या तोंडातून कापूस ओढून काढला आणि दाराबाहेर पडताच नवऱ्याला म्हणाली, "आता ह्याचंही बूड बघायचं? एकीचं बघताना माझ्या नाकी नऊ आलेत." नवरा पोट धरून हसला. विषय तिथेच मिटला.

त्यामुळे एका संध्याकाळी गबरूनं हॉलच्या गालिच्यावर बैठक मारली, मागचे पाय वर उचलले आणि पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत दारापासून सोफ्यापर्यंत रपेट केली, तेव्हा घरात जो हशा पिकला तो काही विचारू नका. एवढा धिप्पाड तपकिरी कुत्रा, तोंडावर न्यायाधीशाचं गांभीर्य, आणि खालून घसरगुंडी. ठकीला तर पर्वणीच. तिनं क्षणभर नीट निरीक्षण केलं, डायपरसकट खाली बसली आणि त्याच्यामागून तश्शीच सरकत निघाली. नवऱ्यानं व्हिडिओ काढला, 'इंजिनाला डबा जोडला' म्हणून सगळ्या गोतावळ्याला पाठवला. त्या प्रकाराचं नाव पडलं घसरगाडी. मग रोज संध्याकाळी घसरगाडीची वाट बघणं सुरू झालं.

आणि मग तो रविवार आला.

ठकी मागून गेली आणि तिनं गबरूला मिठी मारली. रोजच मारायची. पण त्या दिवशी गबरू गर्रकन वळला, ओठ वर गेले, दात दिसले, आणि पोटातून असा एक आवाज निघाला की आईनं धावत जाऊन ठकीला उचललं. चावला नाही. पण त्याचे दात आणि ठकीचा गाल यांच्यात वितभर अंतर होतं, आणि ते वितभर अंतर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. झोपताना दिसायचं, भाजी चिरताना दिसायचं.

तिनं ठरवून टाकलं. गबरू ह्या घरात राहणार नाही.

नवऱ्यानं खूप विनवलं. गबरू त्याचं पहिलं लेकरू, लग्नाच्याही आधीचं. म्हणाला, "अगं, त्यानं आजवर माशीसुद्धा मारलेली नाही."

"माशीचं नाही, पोरीच्या गालाचं बोलणं चाललंय," ती म्हणाली.

शेवटी नवऱ्यानं थोरल्या भावाला फोन लावला. भावाकडे मोठं अंगण होतं आणि एक म्हातारी कुत्री आधीच होती. भावोजी दोघांना सांभाळायला तयार झाले. शनिवारी दुपारी गाडी घेऊन येतो म्हणाले.

शनिवारी सकाळी नवरा 'बरोबर द्यायला खाण्याची गोणी आणतो' म्हणून बाहेर पडला. गोणी काय, फोनवर सांगितली असती तर घरपोच आली असती. त्याला रडताना कुणी बघायला नको होतं, हे ती ओळखून होती. तिनं गबरूचं सामान काढायला घेतलं. वाडगा, पट्टा, कुरतडून कुरतडून निम्मा उरलेला चेंडू. राहता राहिली त्याची गादी. जाऊबाईंच्या घरी मळकी गादी कशी पाठवायची, म्हणून तिनं खोळ काढली.

आणि वास आला.

हा वास तिच्या चांगल्या ओळखीचा होता. आठवडाभर घरात हिंडत होता नुसता. कुजक्या मासळीसारखा, मध्येच येणारा, मध्येच गायब होणारा. त्याच्यापायी तिनं फ्रिज रिकामा करून पुसला होता, मोरीत उकळतं पाणी ओतलं होतं, नवऱ्याच्या मोज्यांवरून भांडण काढलं होतं आणि ठकीचा डायपर तर इतक्यांदा उघडून पाहिला होता, की ती बिचारी हल्ली आई जवळ आली की आपणहून आडवी व्हायची. तो वास आज सापडला. खोळीच्या कोपऱ्यात, गबरू जिथे बूड टेकवायचा तिथे, पिवळट डाग होता. डागाच्या कडेला रक्त होतं.

ती खोळ हातात धरून तशीच उभी राहिली. पोरीच्या डायपरवरून पोटाची खडान्‌खडा खबर काढणारी बाई ती. पण ह्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

हसू नका, असं कुणीतरी म्हणालं होतं.

तिनं फोन उघडला आणि घसरगाडीचा व्हिडिओ लावला. ह्या वेळी आवाज बंद करून. हसण्याचा गलका गेल्यावर तोच व्हिडिओ वेगळाच दिसायला लागला. गबरू ओढत ओढत सोफ्यापर्यंत येतो, थांबतो, मान वळवून शेपटीखाली चाटायला बघतो, बसायला जातो, अर्ध्यातून उठतो. आणि नेमका तिथेच कॅमेरा वळतो ठकीकडे. दुसरा व्हिडिओ, तेच. तिसऱ्यातही तेच. दर वेळी गबरूचं दुखणं सुरू होतं आणि दर वेळी कॅमेरा पोरीकडे पळतो.

तिनं फोन खाली ठेवला. रविवारी ठकीचा हात कुठे होता? तिनं डोळे मिटले. वितभर अंतर दिसलं, दात दिसले, आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्याच्या पलीकडचंही दिसलं. ठकीची इवलीशी मूठ. शेपटीच्या मुळाशी घट्ट आवळलेली.

तिनं ठकीला कॉटमध्ये ठेवलं, कठडा वर केला आणि गबरूला हाक मारली. टेबलाखालून तो शेपूट अर्धवट हलवत आला. तिनं एका बोटानं ती शेपटी हळूच उचलली. एका बाजूला लालभडक गाठ टरारली होती. कातडी ताणून चकचकीत झालेली, मधोमध बारीकसं छिद्र. गबरू गुरगुरला नाही. नुसता थरथरला आणि मान वळवून तिच्याकडे बघत राहिला.

घड्याळात बारा वाजून गेले होते. दवाखाना एकला बंद व्हायचा, आणि भावोजी वाटेत होते.

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. ठकी बाबागाडीत, पट्टा मनगटाला, दार धाडकन ओढलं आणि तिनं जवळजवळ धूमच ठोकली. शिंप्याच्या दुकानापाशी आल्यावर लक्षात आलं की एका पायात आपली चप्पल आहे आणि दुसऱ्यात नवऱ्याची. खिशात फोन वाजत होता, नवरा, मग भावोजी, मग पुन्हा नवरा. एका हातात बाबागाडी, दुसऱ्यात पट्टा, फोन उचलायला तिसरा हात आणायचा कुठून? चौकात गबरू थांबला, खाली बसला आणि भर रस्त्यात त्यानं घसरगाडी काढली. बसच्या थांब्यावरची शाळकरी पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"हसू नका रे," ती म्हणाली. "दुखतंय त्याला."

पोरं गप्प झाली. आपण हुबेहूब डॉक्टरबाईंच्या सुरात बोललो, हे तिच्या ध्यानात आलं, पण थांबायला वेळ कुणाला होता.

दवाखान्याचं शटर अर्धं खाली आलं होतं. ती त्याच्याखालून आधी बाबागाडी, मग गबरू, मग स्वतः अशी आत शिरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वास, डाग, रविवार, दात, आणि आत्ता गाडी त्याला न्यायला येतेय हेही.

डॉक्टरबाईंनी खांद्यावरची पर्स परत खाली ठेवली. बाबागाडी लांब भिंतीशी लावायला सांगितली आणि गबरूला टेबलावर घेतलं. कान ओढून पाहिले. जबडा उघडला. चारही पंजे दाबले. त्याच्या तोंडासमोर बिस्किट धरलं आणि तो खायला जाणार तेवढ्यात काढून घेतलं. गबरूनं प्रत्येक वेळी त्यांचा हात चाटला. मग बाईंनी त्याच्या तोंडाला मुसकं बांधलं आणि पाठीवरून हात फिरवत फिरवत मागे नेला. हात शेपटीच्या मुळाशी पोचला मात्र, आणि पोटातून तो आवाज निघाला.

"हाच!" ती जवळजवळ नाचलीच. "डॉक्टर, हाच तो आवाज! रविवारी अगदी अस्साच!"

"कुत्रा गुरगुरला म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," बाई म्हणाल्या.

गाठ पिकली होती. सुई टोचून गबरूला गुंगी येईपर्यंत बाईंनी तिला सगळं पुन्हा समजावलं, आणि ह्या वेळी तिनं जिवाचा कान करून ऐकलं. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन बाजूंना, घड्याळात चार आणि आठ असतात तिथे, दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत वासाचा द्राव साठतो. शी घट्ट असली की जाता जाता तिच्या दाबानं पिशव्या रिकाम्या होतात. पातळ असली की दाब पडत नाही. द्राव साचतो, दाट होतो, तोंड बुजतं, आत पू होतो. मग बिचारा घासतो, चाटतो आणि शेवटी कुणी हात लावला की गुरगुरतो.

"पोट बिघडेल असं काय खातोय हा?" बाईंनी विचारलं.

तिनं बाबागाडीकडे पाहिलं. ठकीनं नेमकं तेव्हाच हातातलं अर्धं बिस्किट खाली टाकलं. गुंगीनं डोळे जड झालेला, मुसकं बांधलेला गबरू टेबलावरून त्या तुकड्याकडे टक लावून बघत होता. जेवणाच्या वेळी ठकीच्या खुर्चीखाली तो एवढा आज्ञाधारक का बसतो, ह्याचा आज उलगडा झाला. चीज, केक, लोणी लावलेला पाव, अर्धं पोरीच्या पोटात, अर्धं खाली.

बाईंनी छेद दिला आणि पिशवी धुवायला घेतली, तशी सगळी खोली त्या वासानं भरून गेली. ठकीला बोलता येणारे शब्द तीन-चारच. त्यातला एक तिनं आत्ता ठणकावून काढला.

"शी!"

"बरोब्बर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरात निदान एकीला तरी कळतं."

तिला हसू आलं, पण खरा प्रश्न अजून विचारायचाच राहिला होता. तिनं तो विचारला. दुखणं गेल्यावर हा पुन्हा पोरीच्या अंगावर जाणार नाही ना?

बाईंनी हातमोजे काढले. "मला जे दिसतंय त्यावरून कारण हे दुखणंच होतं. पण कुत्रा तो कुत्रा आणि पोर ते पोर. कितीही गुणी असला तरी दोघांना एकटं सोडायचं नाही, हे आजपासून नाही, पहिल्या दिवसापासून. आणि एक सांगू? त्याच्या ठसठसत्या गाठीपाशी तिनं मूठ आवळली, तरी तो चावला नाही. त्यानं दुखतंय म्हणून सांगितलं. सांगणाऱ्याला घराबाहेर काढायचं नसतं."

तिचे डोळे भरून आले. खिशातला फोन पुन्हा वाजला. ह्या वेळी तिनं उचलला.

दहा मिनिटांत शटरखालून आधी नवऱ्याचं डोकं आलं, मग भावोजींचं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. घर उघडं नाही, बायको नाही, पोर नाही, कुत्रा नाही. त्यानं मनात काय काय रचलं होतं ते त्यालाच माहीत. त्याला बघताच ती बोलत सुटली, पिशव्या, चार आणि आठ, मूठ, चीज, कशाचा कशाला मेळ नाही. त्याला त्यातलं काही म्हणजे काही समजलं नाही.

"म्हणजे तो जातोय की राहतोय?" एवढंच त्यानं विचारलं.

"राहतोय. आणि तुझे मोजे निर्दोष आहेत."

नवरा खाली निजवलेल्या गबरूशेजारी जमिनीवर बसला आणि त्याच्या गुंगलेल्या मानेत तोंड खुपसलं. ह्या वेळी कुणी बघतंय का, ह्याची त्यानं फिकीर केली नाही.

भावोजी तिच्या पायातल्या दोन वेगवेगळ्या चपला न्याहाळत होते. "एवढ्या लांबून मला बोलावलंत, मागच्या सीटवर गादी अंथरायला लावलीत, आणि आता रिकाम्या हातानं परत?"

"रिकाम्या हातानं नाही, भावोजी. त्याला घरापर्यंत तुम्हीच सोडायचंय. चालता येत नाहीये त्याला."

तर न्यायला आलेल्या गाडीतूनच गबरू घरी आला. भावोजींनी आणि नवऱ्यानं त्याला मिळून उचललं, गादीवर आडवं केलं. गोळ्या, गरम पाण्याच्या शेकाच्या सूचना, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायची प्लास्टिकची गोल कॉलर, सगळं तिच्या मांडीवर होतं. भावोजी प्रत्येक सिग्नलला मान वळवून गबरूकडे बघत होते. घराशी आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि आरशातून तिच्याकडे बघत म्हणाले, "ते घासणं म्हणजे कसं गं नेमकं? आमची म्हातारी पण घासते. पायपुसण्यावर. आम्हाला आपलं वाटायचं, वय झालं, खाज सुटत असेल. पोरं टाळ्या वाजवतात."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"भावोजी," ती म्हणाली, "चहाला थांबू नका."

थांबले नाहीत. गबरूला उतरवलं आणि पाणीसुद्धा न पिता सुटले.

तेव्हा तुमच्याही घरात कुणी घसरगाडी काढत असेल आणि बघून घरातले हसत असतील, तर हसून घ्या पोटभर, ध्यानच तसं दिसतं. पण मग फोन खाली ठेवा, पोराबाळांना बाजूला करा आणि एका बोटानं हळूच शेपटी उचलून बघा. दाबू नका, पिळू तर अजिबात नका, ते डॉक्टरांचं काम. नुसतं बघा. आणि आजवर कधी न गुरगुरलेला कुणी अचानक गुरगुरला असेल, तर त्याला कुठे दुखतंय का, हे आधी शोधा. आत्ताच उठा, हे वाचून झालंच आहे.