माझ्या मऊ ब्रेकची चौकशी

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्की संशयी आहे. बावीस वर्षं लोक तुमचं बॉनेट उघडून आत डोकावले आणि "किरकोळ आहे हो" म्हणून निघून गेले, तर तुमचाही स्वभाव असाच होईल.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा पांढरा रंग नवऱ्या मुलाच्या सदऱ्यासारखा कडक होता. एका टेलरमास्तरांनी मला घेतलं. मास्तर मला दर रविवारी पुसायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे, "गाडी नाही, लक्ष्मी आहे." पुढे रविवारचं पुसणं महिन्यावर गेलं, मग कोणी बोट फिरवून काचेवर नाव लिहिलं तरच.

दोन वर्षांपूर्वी माझा ब्रेक मऊ झाला. मास्तरांना ते कळलंच नाही. त्यांची सहा वर्षांची नात रोज मागे बसायची, आणि ते तिला उतारावरून खालच्या शाळेत सोडायचे.

मग मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सोमवारपासून नातीला नेण्याचं काम तिच्या आईकडे, म्हणजे मास्तरांच्या लेकीकडे आलं. तिने गल्लीत मला चालवून पाहिलं आणि लगेच थांबली.

"बाबा, ब्रेक पार खाली जातोय."

मास्तर बसले. टक-टक, पाय मारला. "चांगला कडक तर आहे. तुला दाबता येत नाही."

ती बसली, पुन्हा खाली. ते बसले, पुन्हा कडक. पाणी कुठेतरी मुरत होतं. मला पहिला संशय पुढच्या चाकांचा आला, फार गप्प होती ती. मग रबरी नळ्यांचा. खरं सांगते, थोडासा लेकीचाही आला, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

ती मला मिस्त्रीकडे घेऊन गेली, अगदी हळू, पहिल्या गिअरमध्ये. मास्तर वाटभर बजावत होते, "सांभाळून. हे लोक सुईएवढं भोक दाखवतात आणि अख्खं कापड फाडतात."

मिस्त्रीने ब्रेक ऑइल पाहिलं, भरलेलं होतं. चारही चाकांच्या आत बोट फिरवलं, कोरडं. नळ्या दाबून पाहिल्या, हवा काढून पाहिली, एक बुडबुडा नाही. माझ्या अंगातला प्रत्येकजण साळसूद निघाला. मला तर जास्तच भीती वाटू लागली.

"मास्तर, तुम्ही दाबा," मिस्त्री म्हणाला.

टक-टक. कडक. पण मिस्त्री माझ्याकडे बघतच नव्हता, तो मास्तरांच्या चपलेकडे बघत होता.

"आता एकदाच दाबा. आणि पाय तसाच धरून ठेवा."

मास्तरांनी दाबला. क्षणभर टिकला. मग त्यांचा पाय हळूहळू खाली जाऊ लागला, आणि तळाला टेकला. मास्तरांनी खाली वाकून पाहिलं, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा होता.

"बाहेर थेंब नाही, म्हणजे आतल्या आत गळतंय," मिस्त्री म्हणाला. "मास्टर सिलिंडर, जिथून चारही चाकांना दाब जातो, त्याचं रबर झिजलंय. तेल चाकांकडे जायचं सोडून मागे सटकतंय. तुम्ही झटपट दोनदा मारता, म्हणून तेवढ्यापुरतं धरतं."

"मी कुठे दोनदा मारतो?"

"बाबा, चाळीस वर्षं शिलाई मशीनवर आहे तुमचा पाय," लेक म्हणाली. "तो एकदा मारून थांबतो कधी?"

मास्तरांनी पाय हळूच मागे घेतला. सगळ्यांवर नजर ठेवणारी मी, पण सगळ्या ब्रेकचा जो मुख्य, त्याच्यावर मी कधी संशय घेतला नव्हता. मला स्वतःचाच राग आला.

नवा सिलिंडर बसला. सोमवारी डोळ्यावर पट्टी बांधलेले मास्तर लेकीच्या शेजारी बसले. उताराच्या तळाशी चौकात एक सायकलवाला अचानक आडवा आला. लेकीने एकदाच पाय दाबला. मी हातभर अंतरावर उभी राहिले. मागे नात खिडकीतून बाहेर बघत होती, तिला काही कळलंही नाही.

"दोन वर्षं ही मागे बसायची," मास्तर म्हणाले, "आणि मी..." लेकीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला पुढे घेतलं.

मित्रांनो, बिघाडाशी जुळवून घेणं म्हणजे गाडी सांभाळणं नव्हे. घरातलं कोणी म्हणालं, ब्रेक मऊ लागतोय, तर त्याच्या पायाला नावं ठेवू नका. आधी गाडी उभी करा. मागच्या सीटवर बसलेल्यांच्या पायाखाली ब्रेक नसतो.