अर्ध्या चेहऱ्याचं कापड

मी अर्धा चेहरा. एक डोळा, अर्धं नाक, ओठाचा एक कोपरा, एवढीच माझी मालमत्ता.

थिएटरवर चढतं ते पोस्टर दोन मजली. तेवढी जागा कोणाच्या घरात असते? म्हणून कापडाचे दोन तुकडे करतात. फोटोवर चौकोन आखून, चौकोनाला चौकोन जुळवून रंगवतात आणि भिंतीवर जोडतात. जोडेपर्यंत मला चैन पडत नाही. दर सिनेमाला जुना चेहरा पांढऱ्या रंगाखाली जातो. त्याची सवय झाली. जोडण्याची होत नाही.

डावा तुकडा मी, मला थोरला रंगवायचा. उजवा धाकट्याचा. दोघं सख्खे भाऊ, रंगवायची छपरी एक, मध्ये टांगलेला फोटोही एकच. सही मात्र खालच्या उजव्या कोपऱ्यात, थोरल्याची.

एकदा धाकटा म्हणाला, "दादा, कोपरा मी रंगवतो. नाव तुझं का?"

"कुंचला धरायला कोणी शिकवलं तुला?"

धाकट्याने आपला तुकडा गुंडाळला आणि रस्त्यापलीकडे वेगळी छपरी घेतली.

पुढच्या सिनेमाला दोघांनी वेगवेगळे फोटो आणले. तू कोणता घेतलास, हे विचारणार कोण? थोरल्याने मला हसवलं. भिंतीवर जोडल्यावर कळलं, शेजारचा अर्धा संतापलेला आहे.

थिएटरचा मॅनेजर खालून ओरडला, "अहो, हा डावीकडून लग्नाला निघालाय आणि उजवीकडून कोर्टात! सिनेमा खुनाचा आहे, मास्तर. दुपारच्या खेळाआधी नीट करा. नाहीतर यापुढे छापील पोस्टर मागवतो, तुम्ही दोघं बसा घरी."

चूक माझ्याच बाजूची. पण थोरल्याचा गुडघा शिडीला तयार नव्हता, आणि चूक कबूल करायला तोंड त्याहून नाही. "माझ्या कापडाला कोणी हात लावायचा नाही."

त्याची बायको रंगाचे डबे घेऊन उभी होती. "मग मी चढू का? भाऊजी, तुम्ही काय नुसते बघायला आलात?"

धाकटा चढला. थोरल्याने शिडी धरली. जवळून चेहरा दिसत नाही, नुसता रंग दिसतो. डोळे खालच्याचेच लागतात.

"ओठ खाली घे. अजून. बस! गालावर तांबडा दे, घाबरतोस काय?"

माझं हसू मोडलं. शेजारचा गाल पुन्हा माझा वाटला.

उतरल्यावर धाकट्याने कुंचला पुढे केला. "सही कर."

थोरल्याने वर पाहिलं. "कोपरा तुझा आहे."

"तू सांगितलंस तसं रंगवलं मी."

सही कोणीच केली नाही. कोपरा कोराच राहिला, आणि दोघं आपापल्या छपरीत गेले.

आता तो सिनेमा उतरला. मी थोरल्याच्या दोरीवर आहे. पांढऱ्याचा डबा उघडलाय. माझा दुसरा अर्धा पलीकडे फडफडतोय, इथून दिसतो. पुसा मला, तक्रार नाही. फक्त नवा फोटो एकच आणा.

थोरला कुंचला बुडवतो. थांबतो. पलीकडे बघतो.

अरे, हाक मार की! रस्ता काही एवढा रुंद नाही.