जाळीला खिडकी

वाफ्यात सोमवारी टोमॅटोची बेचाळीस रोपं होती, मंगळवारी अडतीस, आणि बुधवारी, जाळी घातल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी, एकतीस. तिने आकडा वहीत लिहिला, पुन्हा मोजली. एकतीसच.

जाळी बाबांनी शिवली होती. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाने डोळ्यांच्या ऑपरेशननंतर एका गिऱ्हाइकाची कॉलर वाकडी शिवली आणि मशीनवर चादर टाकली, ती पाच महिने काढली नाही. पाखरं रोपं खुडतात, असं ती म्हणाली मात्र, त्यांनी जुनी मच्छरदाणी उसवून एका दिवसात वाफ्याच्या मापाची जाळी केली. शीळ घालत.

ती गुडघ्यांवर बसली. पडलेली रोपं बुंध्याशी कापलेली होती, पानं शाबूत. पाखराची चोच असं कापत नाही. तिने बोटाने माती उकरली. करडी, लठ्ठ अळी वेटोळं करून झोपली होती. रोज सकाळी साळुंक्या इथे काय टिपत होत्या, ते आत्ता तिच्या ध्यानात आलं.

"किती?" बाबांनी पायरीवरून विचारलं. हातात चहाचा कप होता.

तिने जाळीच्या काठावरचे टाके बघितले. पण खोटा आकडा तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

"एकतीस."

"सात गेली? माझी जाळी असताना?"

"जाळीत खोट नाही, बाबा. मीच उगीच पाखरांवर आळ घेतला." तिने तळहात पुढे केला. "चोर ही. हिला साळुंक्या खायच्या. आपण चोर आत ठेवला आणि पहारेकरी बाहेर."

बाबांनी अळी डोळ्यांजवळ नेली. मग कप खाली ठेवून जाळीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. आता चादर पुन्हा मशीनवर जाणार, असं तिला वाटलं.

"शास्त्रीणबाई, एवढं मोजता, आधी खाली वाकून बघायचं राहिलं वाटतं?"

"राहिलं."

"असू दे. सदरा काखेत दाटला म्हणून कोणी फेकून देत नाही, उसवतात. चिमण्या पानं कुरतडतात, त्या नकोतच. साळुंकी हवी. कडेला कापडाची पट्टी लावून खिडकी करू, बटणांची. सकाळी उघडायची. मी स्टूल टाकून बसेन."

"आणि चिमणी घुसली तर?"

"टाळी वाजवेन. तेवढी चिमणी दिसते मला!"

दुपारभर आतून मशीनचा आवाज येत राहिला. मध्ये थांबला की तिचंही वाचन थांबे.

दुसऱ्या दिवशी ती उठून बाहेर आली तेव्हा बाबा स्टुलावरूनच ओरडले, "साळुंक्या दोन, अळ्या नऊ! चिमणी एक, हाकलली. लिही."

तिने लिहिलं. मग बाबा चहा ठेवायला आत गेल्यावर फूटपट्टी आणून खिडकीच्या काठाला लावली. काजं सहा. दोन काजांमधलं अंतर, पाचही ठिकाणी, आठ सेंटिमीटर.