चिंचेने घासलेला किलो

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी धनराज यांचं एक किलोचं पितळी वजन सरकारी तपासणीत हलकं निघालं. तूट चिमूटभर मिठाहूनही कमी होती. पण ज्या वजनावरून दुकानातले काटे जुळवायचे, त्याला तेवढीही चालत नाही.

सातपूरला त्यांचं काटेदुरुस्तीचं दुकान आहे. असं वजन उघड्या हातानं उचलायचं नाही, पुसायचं तर मऊ कातड्यानं, हा धंद्याचा नियम. त्यांच्या बायकोनं, सवितानं, तो कधी मानला नाही. खंडेनवमीला हत्यारांबरोबर वजनंही पूजेला मांडत, आणि आदल्या दिवशी ती चिंच लावून लख्ख घासत असे. पितळ झिजतं, असं त्यांनी एकदा सांगून पाहिलं.

"मग देवापुढे काळं ठेवू का?" ती म्हणाली. विषय मिटला.

किलो म्हणजे नक्की काय, हेही तिनंच एकदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, किलो म्हणजे हजार, ग्रॅम हा ग्रीकांचा बारीकशा वजनाचा शब्द. आधी लीटरभर गार पाण्याचं वजन म्हणजे किलो ठरलं. मग फ्रान्समध्ये धातूचा एक ठोकळा घडवून काचेच्या झाकणांखाली ठेवला. जगातले सगळे किलो त्याच्यावरून जुळवलेले.

"त्याला घासतं कोण?"

पुढे तो ठोकळाही त्याच्यासारख्याच घडवलेल्या जोडीदार ठोकळ्यांशी जुळेना. २०१९ पासून किलो निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून ठरतो, ठोकळ्याची गरज उरली नाही. हे त्यांनी जेवताना सांगितलं, तेव्हा सविता म्हणाली, "मग तो बिचारा आता दिवसभर करतो काय?"

गेल्या वर्षी सविता गेली. यंदा वजनं न घासताच पूजेला लागली.

तपासणीच्या टेबलावरची पल्लवी म्हणाली, "काका, खालच्या भोकात थोडं शिसं भरलं की पुरं होईल. नाहीतर मोडीत काढावं लागेल."

जे कमी झालं होतं ते सविताच्या हातानं झालं होतं. तिथं शिसं घालायला त्यांचं मन होईना.

"तसंच परत मिळेल?"

"दुकानात वापरता येणार नाही."

"घरी ठेवीन."

साहेबांना विचारून सांगते, पल्लवी म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत साहेब मालेगावच्या दौऱ्यावरून परतले नव्हते. वजन पल्लवीच्या कपाटात आहे, कातड्यात गुंडाळलेलं.