कुकरातली सिद्ध माती

नौतपा म्हणजे आमच्या उज्जैनकडचे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. गेल्या वर्षी ते संपल्यावर दहाव्या सकाळी रामघाटावर ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात कुंडी, कुंडीत बेलाचं वीतभर रोप, आणि नऊ दिवस त्याला पाण्याचा थेंब दाखवलेला नाही. काही रोपं हिरवी, काही वाळून काडी. मधोमध चौरंगावर जडेश्वर महाराज. हिंदीत जड म्हणजे मूळ. मराठीतला अर्थही त्यांच्या देहाला शोभत होता.

"हरा है तो पितर तृप्त! सूखा है तो पितर नाराज!" महाराज निकाल देत होते. "फागुन में जिसने बड़ा अनुष्ठान किया, उसको बूढ़े बरगद के नीचे की सिद्ध मिट्टी दी. जिसने छोटा किया, उसको अग्नि में तपाई हुई शुद्ध मिट्टी. आगे पितरों की मर्जी!"

माझी शेजारीण विजया हिच्या हातात काडी होती.

तिचे यजमान भय्यासाहेब इस्पितळात वारले, तेव्हा ती आंघोळीपुरती घरी आली होती. तो अर्धा तास तिनं स्वतःला कधीच माफ केला नाही.

"शेवटच्या घडीला मी नव्हते, म्हणून ते नाराज आहेत," ती घाटाच्या पायरीवर बसून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू म्हणालीस ना, जयू, मोठं अनुष्ठान बिलकुल फालतू आहे? ऐकलं तुझं, छोटं केलं. आता बघ."

त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलं.

मी चौतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. फ्रीगंजातल्या आमच्या दोन घरांच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. चारचा चहा रोज त्या भिंतीवर व्हायचा. नंतरही कितीतरी दिवस मी सवयीनं दोन कप पाणी टाकत होते. पलीकडे विजया त्या वाळक्या काडीला पाणी घालायची आणि माफी मागायची. मला ते ऐकू यायचं. फार एकटं वाटायचं, आणि आपण नुसतं 'फालतू' म्हणून मोकळं झालो, का ते सांगितलं नाही, याचा रागही यायचा.

'तपाई हुई मिट्टी' हे शब्द मात्र डोक्यातून जाईनात. महाराज पूर्वी कुठल्याशा रोपवाटिकेत माळी होते, असं देवास गेटचा फुलवाला म्हणाला. म्हणजे बुवाला सगळं ठाऊक होतं तर!

यंदा फाल्गुनात मी आयुष्यात पहिल्यांदा एका बाबाच्या पाया पडले. आईच्या नावानं मोठं अनुष्ठान केलं आणि लाल फडक्यात सिद्ध माती आणली. त्यातली निम्मी पाऊण तास कुकरात शिजवली. स्वयंपाकघराला तळ्याचा वास सुटला. शिवाय कॉलेजमागच्या वडाखालची माती स्वतः उकरून आणली. तिला मंत्र सोडाच, मी नमस्कारसुद्धा केला नाही. तिन्ही मातींत बेलाच्या बिया लावल्या, प्रत्येकी चार कुंड्या. नौतपा लागताच पाणी बंद.

दहाव्या दिवशी उजाडताच पाहिलं. सिद्ध मातीतली तीन रोपं हिरवी. बिनमंत्राच्या मातीतलीही तीन हिरवी. दोन्हीकडचं एकेक मेलं. शास्त्र सगळ्यांना वाचवायचं वचन देत नाही. कुकरातल्या सिद्ध मातीत चारही काड्या.

"विजया!" मी वर्षानं हाक मारली. ती आली, पण लांब उभी राहिली. मी हिरव्या रोपाचं मूळ शाईत रंगवून भिंतीवरच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं होतं. शेवटी तिनं डोळा लावला.

"निळे धागे दिसतायत."

"बुरशी आहे ती. मुळात राहते, आणि केसाहून बारीक तंतू बाहेर लांबवर पसरवते. मूळ पोचत नाही तिथलं पाणी आणून देते, रोप तिला साखर देतं. जुन्या झाडाखालच्या मातीत ती असतेच. माती भाजली की मरते, मग रोप एकटं पडतं आणि उन्हात तग धरत नाही. तुला भाजलेली माती दिली होती. भय्यासाहेबांचा यात काही संबंध नाही."

तिनं पुन्हा डोळा लावला. "म्हणजे ते नाराज नाहीत."

"नाहीत."

"वर्षभर वाटायचं, नाराज का होईना, पण आहेत." तिनं डोळे पुसले. "आता ते कुठेच नाहीत, जयू."

मी भिंतीवरून हात पुढे केला, तिनं तो धरला.

तासाभरात आम्ही रामघाटावर होतो. रांगेत इशिता नावाची एक मुलगी वाळलेली कुंडी छातीशी धरून रडत होती. तिचे वडील गेले होते. मी भाषणाला तोंड उघडणार, तोच विजया पुढे झाली.

"महाराज, आपकी सिद्ध मिट्टी हमने कुकर में पकाई. सीटी के साथ मंत्र उड़ गया!"

रांग हसली. महाराज गुरगुरले, "माताजी, श्रद्धा की परीक्षा नहीं लेते!"

"हमारी परीक्षा तो आप नौ दिन लेते हो!"

मग ती इशिताशेजारी पायरीवर बसली. "तुझे बाबा नाराज नाहीत गं. छोटं अनुष्ठान केलंस ना? मग ही माती भाजलेली आहे. कोणी काही सांगितलं तर आधी विचारायचं, कशावरून? आणि घरी करून बघायचं."

"मग मी बाबांसाठी काय करू?" इशितानं विचारलं.

विजयानं माझ्याकडे पाहिलं. "चार वाजता फ्रीगंजात ये. चांगली माती देते तुला."

त्या दिवशी मी तीन कप पाणी टाकलं.