दांड्यावरचे नाव

मित्रांनो, मी एक जुने, आखूड दांड्याचे फावडे आहे. नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरच्या एका गावात राहते. दिसायला मी काही देखणे नाही, पण कामात कधी कसूर केली नाही.

माझा मालक खेरित. विशीत तो स्वतःहून नाव नोंदवून कोरियाच्या लढाईवर गेला, तेव्हा मी त्याच्या पाठीवर होते. तिथे मी खंदक खणले. त्याचा मित्र कोबुस तिथेच मारला गेला, तेव्हा त्याच्यासाठी खड्डाही मीच खणला. कोबुसला मागेपुढे कोणी नव्हते. खेरितने चाकूने त्याचे नाव माझ्या दांड्यावर कोरले.

परतल्यावर खेरित इथे वस्तीला आला. तेव्हा इथे ना झाड, ना रस्ता, नुसता चिखल. आम्ही चर काढले, सफरचंदाची झाडे लावली. दर चार मेला सारा देश युद्धात प्राण गमावलेल्यांसाठी दोन मिनिटे गप्प उभा राहतो. त्यानंतर खेरित दांड्यावर अंगठा फिरवून ते नाव मोठ्याने वाची. पुढे वय झाले, तो बरेच काही विसरू लागला. नाव तेवढे मी सांभाळून होते.

शेजारी पुण्याचे प्रताप आणि मृदुला राहायला आले. गेल्या वर्षी खंडेनवमीला त्यांच्याकडे पूजेला लॅपटॉप आणि सायकल एवढीच अवजारे होती. "एक तरी खरं अवजार हवं," म्हणत प्रतापने मला मागून आणले. मृदुलाने मला मायेने घासले. दांड्यावरचे काळे ओरखडे पॉलिश पेपरने गुळगुळीत केले, तेल चोळले, हळदकुंकू वाहिले. सत्तर वर्षांत माझा एवढा मान कोणी केला नव्हता. मी वेडे, हुरळून गेले.

खेरित पूजा बघायला आला. त्याने दांड्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग त्यांच्या लहानग्या संहिताला डचमध्ये काही विचारले.

"काय म्हणतायत आजोबा?" मृदुला म्हणाली.

"आई, ही सेज देअर वॉज अ नेम हिअर."

मृदुलाचा चेहरा उतरला. "त्यांना म्हणावं, नाव सांगा. बाबा परत कोरून देईल."

खेरितने खूप आठवून पाहिले. त्याला आठवेना. मृदुला त्याचा हात धरून रडली.

दोष तिचा नव्हता, तिने मला जीव लावला होता. पण जुनी वस्तू उजळण्याआधी, मित्रांनो, तिच्या माणसाला एकदा विचारत जा.

यंदा चार मेला खेरित मला मांडीवर घेऊन बसला. दोन मिनिटे संपली, तरी तो गप्पच होता. मी ओरडून सांगत होते, पण फावड्याचा आवाज त्याला कसा ऐकू जाणार? ते नाव कोबुस होते, मित्रांनो. तुम्ही तरी लक्षात ठेवा.