वेदीकडे पाठ

“मातीच्या दिवशी पाळकसाहेब तुझ्या आईबद्दल काय बोलले गं?” काकूंनी तिला चर्चच्या फाटकातच गाठलं. “म्हणजे मी ऐकलंय सगळं. पण ह्यांना कसं सांगू? रोज विचारतात. सकाळी चहाचा कप समोर ठेवला की ह्यांचे हात सुरू. परवा वैतागून मी हात जोडले, तर म्हणतात, प्रार्थना नको, उत्तर दे.”

उपासना संपून माणसं पांगत होती. लेकीनं काकूंच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“काका नाही आले?”

“त्या दिवसापासून आलेच नाहीत. म्हणतात, नुसत्या भिंतीच बघायच्या तर घरात चार आहेत. आणि त्या दिवशी येताना तुझ्या आईची चर्चमधली ती खुर्ची उचलून घेऊन आले घरी. चोरी म्हण हवं तर.”

“पण तुम्हीच सांगा ना त्यांना, काकू. इतकी वर्षं संसार केलात.”

“संसाराला किती शब्द लागतात, पोरी? जेवा, उठा, गॅस संपला, डोकं फिरलंय तुमचं. एवढ्या हातवाऱ्यांवर माझा संसार झाला. त्यात पुनरुत्थान कुठं बसवू?”

काकूंचे यजमान जन्मापासून बहिरे. वेताच्या खुर्च्या विणणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळी मंडळी त्यांना वेतकाका म्हणायची. त्यांनी शाळा पाहिली होती ती मास्तरांच्या खुर्च्या दुरुस्त करायला गेल्यावर. लग्नानंतर काकू त्यांना चर्चला घेऊन येऊ लागल्या. ते पहिल्या बाकावर बसायचे, सगळे उठले की उठायचे, सगळ्यांनी डोळे मिटले की मिटायचे आणि उरलेला वेळ छताकडे बघत काढायचे.

आई तेव्हा इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. इकडच्याला तिकडच्याशी जोडून द्यायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हे तिचं दिवसभराचं काम. एका रविवारी तिच्या लक्षात आलं, की एक माणूस केव्हाचा लाइनवर ताटकळलाय आणि त्याला कुणीच जोडून दिलेलं नाही. पुढच्या रविवारी तिनं कोपऱ्यातली एक वेताची खुर्ची ओढत आणली, पहिल्या बाकासमोर मांडली आणि वेदीकडे पाठ करून, वेतकाकांकडे तोंड करून बसली.

कुरबुर झालीच. वेदीकडे पाठ करून बसणं शोभतं का, असं कुणीतरी विचारलं. आई म्हणाली, “देव मला पाठमोरीही ओळखतो. काकांना मात्र माझे हात दिसायला हवेत.”

दोघांपैकी कुणीही खुणांची भाषा शिकलेलं नव्हतं. त्यांनी आपली आपणच एक जुळवली, रविवारी थोडी, एरवी काकांच्या दुकानात थोडी. लेक तेव्हापासून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत आली होती. प्रवचन लांबलं की तिथून निसटता यायचं. तिथून आईचा चेहरा दिसायचा. हात काकांच्या पाठीआड असायचे.

आता आई नव्हती आणि काकांनी विचारलेला प्रश्न तेवढा उरला होता.

“मी येते,” लेक म्हणाली. “शनिवारी.”

*

दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. जमिनीवर पाण्याचा टब, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, आणि भिंतीला लावलेले खुर्च्यांचे सांगाडे. आईची खुर्ची मात्र एकटी वर खुंटीला टांगलेली होती. तिच्या बैठकीला आईच्या बसण्यानं खळगा पडला होता. लेकीनं तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

वेतकाकांनी हातातलं काम खाली ठेवलं. हवेत बोट गोल फिरवलं, जुन्या फोनची तबकडी फिरवावी तसं. हे आईचं नाव, एवढं तिला ठाऊक होतं. मग चिमटीची उघडझाप, आणि पुढे पसरलेला तळवा. तिच्याबद्दल काय बोलले?

प्रश्न तिला कळला. उत्तर देण्यासाठी तिनं हात उचलले आणि ते तसेच राहिले. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिचं सगळं आयुष्य शब्दांत गेलं होतं, हाताशी एक शब्द नव्हता. आणि दुसरी गोष्ट तिला तिथंच उमगली. हात चालले असते तरी उपयोग नव्हता. त्या दिवशी पाळकसाहेब काय बोलले ते तिलाही आठवत नव्हतं. त्यांच्या बुटाला चिकटलेला मातीचा गोळा आठवत होता. मागे कुणीतरी सारखं खोकत होतं, ते आठवत होतं.

वेतकाकांनी तिच्या अधांतरी हातांकडे पाहिलं. मग मान हलवून त्यांनी काम पुन्हा हातात घेतलं. रागानं नाही. लागत नसलेला फोन ठेवून द्यावा, तसं.

तेच तिला लागलं.

*

पाळकसाहेब तरुण होते, नव्यानंच बदलून आलेले. ते येण्याआधीच आईनं खाट धरली होती.

“वेतकाकांचं माझ्या मनात आहे, ताई,” ते म्हणाले. “पडदा लावायचा विचार चाललाय. प्रवचन मोठ्या अक्षरांत दाखवू.”

“त्यांना वाचता येत नाही.”

“मग खुणांची भाषा शिकलेलं कुणी बाहेरून बोलावू.”

“ती त्यांना येत नाही, पाळकसाहेब. त्यांची भाषा येणारी माणसं दोनच होती. आता एक उरलंय.”

पाळकसाहेबांनी पडद्याचा विषय सोडला. तिनं विचारलं, “तुम्ही त्या दिवशी काय बोललात? मी समोरच होते, पण माझ्या कानांत काही शिरलं नाही.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “खरं सांगू? मी त्यांना फक्त इस्पितळात पाहिलं होतं. मी आपलं नेहमीचंच बोललो, विश्वासू सेविका वगैरे. त्या कायम सगळ्यांत पुढे बसायच्या, असं कुणीतरी सांगितलं. म्हणून म्हटलं, जन्मभर त्यांची नजर वेदीवरून हलली नाही.” तिचा चेहरा पाहून ते थबकले. “चुकलं का काही?”

“ते तुम्हाला काकाच सांगतील,” ती म्हणाली. “मी शिकते त्यांची भाषा.”

“ताई, तुमच्या आईंना किती वर्षं लागली असतील. तुमची नोकरी...”

“लागतील तितके दिवस लागतील.”

*

शनिवारी छापखाना सुटला की ती दुकानात जाऊ लागली. वेतकाकांनी पहिल्या दिवशी तिच्याकडे पाहिलं, आईच्या खुर्चीकडे पाहिलं आणि पायानं एक स्टूल पुढे सरकवलं.

त्यांची सगळी भाषा ह्याच खोलीतली होती. क्षमा म्हणजे चुकीच्या भोकातून गेलेली पट्टी अलगद ओढून काढायची आणि तीच पट्टी पुन्हा ओवायची. कापायची नाही. तिनं पहिल्यांदा कापल्याची खूण केली, तर काकांनी तोंड इतकं वाकडं केलं, की काकू आतून हसत बाहेर आल्या. प्रार्थना म्हणजे पाण्यात हात बुडवल्याची खूण.

“कोरडा वेत वाकवला तर मोडतो ना,” काकूंनी सांगितलं. “म्हणून आधी भिजत घालायचा. हे तुझ्या आईनंच ठरवलेलं. मी म्हटलं, अगं, हात जोड की सरळ. तर म्हणाली, हात जोडले की पुढचं बोलू कशानं?”

लेकीला आई गेल्यापासून प्रार्थना जमत नव्हती. डोळे मिटले की इस्पितळाची खाट यायची. ती खूण करून बघताना तिचा हात खरोखरच टबात बुडाला, आणि पाणी थंड होतं म्हणून असेल, तिनं तो थोडा वेळ तसाच ठेवला.

विश्वासाची खूण तिला सगळ्यांत जड गेली. दिसायला सोपी. डावा तळवा खाली आडवा धरायचा, ती बैठक, आणि उजवी मूठ वरून सावकाश आणून त्यावर टेकवायची. ती करायची आणि काका प्रत्येक वेळी वेताच्या पट्टीनं टेबलावर फटका मारायचे. पुन्हा केली. पुन्हा फटका.

“शाळेत गेले नाहीत, पण मास्तरकी बघ कशी करतायत,” काकू म्हणाल्या. काकांच्या हातांकडे त्यांनी निरखून पाहिलं. “अगं, खाली बघू नकोस म्हणतात. नजर समोरच्याकडे ठेवायची. खुर्ची चाचपून बसलीस तर तो विश्वास नव्हे, चौकशी झाली.”

तिचे हात प्रेसच्या टेबलावर वाढलेले, बोटं आखडलेली. ती प्रेसला जाताना बसमध्ये पिशवीआड खुणा घोकायची. शेजारची बाई एकदा उठून दुसरीकडे जाऊन बसली. ओठ न हलवता बोलायला शिकणं अवघड होतं आणि त्याहून अवघड म्हणजे चुकल्यावर खोडायची सोय नव्हती. प्रेसमध्ये समासात खूण केली की चूक दुरुस्त व्हायची. इथं समोरच्याच्या चेहऱ्यावर ती उमटलेली असायची. तरी ती जात राहिली. एका शनिवारी ताप होता, तेव्हाही गेली, आणि काकूंची बोलणी खाऊन परतली.

एकदा काकांनी तिला मनगट उलटसुलट फिरवायची एक खूण दाखवली आणि स्वतःच खदखदून हसू लागले. ‘पुन्हा तेच.’ आधीच्या पाळकांचं प्रवचन घोळात अडकलं की आई शब्दन्‌शब्द सांगायची तसदी न घेता तेवढीच खूण करायची. काका मग खाली मान घालून खोकल्याचं नाटक करायचे. लेकीला रविवारचा तो खोकला आठवला. शेवटच्या बाकावर बसून तिला वाटायचं, आई किती गंभीर चेहऱ्यानं सेवा करते.

हातांत जेमतेम बळ आलंय असं वाटलं, त्या शनिवारी ती स्टुलावर बसली आणि तिनं हवेत बोट गोल फिरवलं. काकांनी काम बाजूला ठेवलं. काकू दारातच थांबल्या.

तिनं सावकाश सांगितलं. पाळक बोलले. आई, पुष्कळ वर्षं, पुढे बसली. आई वेदीकडे बघत होती. नेहमी. नजर हलली नाही.

वेतकाका ऐकून घेत होते. म्हणजे बघत होते. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी तिच्याकडे बोट केलं, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली, उठून तिच्याकडे पाठ केली आणि आपल्याच पाठीवर थापा मारून घेतल्या. पाठ! वेदीकडे पाठ! मग वळून दोन बोटं आधी तिच्या डोळ्यांकडे आणि मग आपल्या छातीकडे नेली. माझ्याकडे बघत होती.

“खरंय बाई,” काकू म्हणाल्या. “आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कुणी चूक धरली नाही.”

लेकीला हसू आलं. आई गेल्यानंतरचं पहिलंच. ते ओसरलं तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती काकूंना तोंडानं सांगता आली असती. तिनं हात उचलले.

हे मला नंतर कळलं. पाळकांना विचारून. त्या दिवशी मी तिथं होते. मला ऐकू आलं नाही. काहीच नाही.

वेतकाका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून, ओला वेत हाताळावा तितक्या हलकेच, तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्या मांडीवर ठेवले. आता विसावा, असं काहीसं. ही खूण त्यांनी तिला शिकवलेली नव्हती.

मग तिनं खुणेनं विचारलं, “उद्या याल?”

काका उठले. त्यांनी खुंटीवरून आईची खुर्ची उतरवली, गुडघ्यांत धरली आणि सुरी घेतली.

“काका, नको—” ती तोंडानंच ओरडली. काकूंनी तिचा खांदा दाबला.

काकांनी कडेकडेनं सगळ्या पट्ट्या कापल्या. बैठक एकसंध सुटून खाली पडली, खळगा तसाच धरून. त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली, फेकली नाही. मग नव्या पट्ट्यांचं एक वेटोळं सोडलं आणि टबात भिजत घातलं.

*

रविवारी ती पोचली तेव्हा खुर्ची पहिल्या बाकासमोर मांडलेली होती. बैठक ताणून विणलेली, अजून पिवळी, ओल्या वेताचा वास येणारी. वेतकाका बाकावर बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून. शेजारी काकू.

“बस,” काकू पुटपुटल्या. “आणि फार भराभर नको गं हात चालवू. म्हातारा झालाय श्रोता.”

पाळकसाहेब वेदीपाशी आले. त्यांनी तिच्याकडे पाहून मान लववली. ती वळली, वेदीकडे पाठ केली आणि वेतकाकांवरची नजर न काढता, मागे न बघता बसली. नवी बैठक कडक होती. आईचा खळगा तिच्यात कुठंच नव्हता.

तिनं नजर जरा वर उचलली. काकांच्या खांद्यावरून सरळ समोर, दाराजवळचा शेवटचा बाक दिसत होता. त्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा इथून अगदी स्पष्ट दिसला असता. आज तो रिकामा होता.

मागे पाळकसाहेबांनी घसा साफ केला. तिनं हात उचलले.